एका संगणकात अनेक बिऱ्हाडे

केरा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटण येथे तालुक्याची कचेरी आहे. ढेबेवाडी, मोरगिरी, चाफळ, तारळे अशा डोंगरपट्ट्यांतून शेतकरी तेथे उतरतो तो बहुधा जमिनीच्या कागदासाठी. गावनमुना सात व बारा यांचा उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून हाताने उतरवून मिळत असे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात उपलब्ध झाला आणि तोच उतारा आता सेवा केंद्रातील संगणकावर निघतो. फेरफाराची नोंदही ई-फेरफार प्रणालीत होते. ही सोय मोठी आहे. तथापि पीककर्जाच्या दिवसांत केंद्रासमोर रांग लागलेली असताना पडदा जागच्या जागी थबकतो आणि ‘सर्व्हर चालत नाही’ एवढेच उत्तर मिळते, हा अनुभवही ग्रामीण भागाला नवा नाही.

‘सर्व्हर’ हा शब्द आता खेड्यापाड्यांत चांगलाच रुळला आहे. तो उच्चारताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईत किंवा पुण्यात कोठेतरी ठेवलेली, आपल्या कामासाठीच राखून ठेवलेली एक लोखंडी पेटी येते. वस्तुतः अशी स्वतंत्र पेटी आज बहुधा नसते. एका मोठ्या यंत्रात दहा-वीस, कधी त्याहूनही अधिक ‘सर्व्हर’ एकत्र नांदत असतात. त्यांतील प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे वाटावे, अशी व्यवस्था केलेली असते. ही व्यवस्था कशी चालते, आणि त्या प्रत्येकाला आपण एकटे नाही हे कळणे का आवश्यक ठरले, हे समजून घेणे शासकीय कामकाजाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. गावात खोळंबा होतो तो दर वेळी याच कारणाने होतो असे मात्र नाही. वीज जाते, तार तुटते, पावसाळ्यात घाटातील जोडणी बंद पडते. परंतु ही सर्व कारणे दूर झाल्यावरही जो खोळंबा उरतो, त्याचे मूळ पुष्कळदा या सहवासात सापडते.

घरमालक आणि बिऱ्हाडकरू

कोणताही संगणक चालतो तो त्याच्या कार्यप्रणालीमुळे. विंडोज किंवा लिनक्स ही अशा कार्यप्रणालींची परिचित नावे होत. प्रक्रियक, स्मृती, तबकडी व जाळ्याची जोडणी या साधनांचे वाटप करणे हे तिचे काम. आपण यंत्राची एकमेव स्वामिनी आहोत, हे गृहीत धरूनच ती रचली गेलेली असते. एक काम, एक यंत्र या जुन्या पद्धतीत हे गृहीत खरेही होते. पण त्या पद्धतीत बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच वेळ रिकामी बसत. वीज मात्र सतत खात, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी आणखी वीज लागे.

यावर उपाय म्हणून यंत्र आणि कार्यप्रणाली यांच्या मध्ये आणखी एक थर घालण्यात आला. त्याला हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्यक्ष यंत्राचा ताबा हायपरव्हायझरकडे असतो. तो एका यंत्राची अनेक आभासी यंत्रे करतो, आणि अशा प्रत्येक आभासी यंत्रात एकेक कार्यप्रणाली राहते. संगणकशास्त्रात या आत राहणाऱ्या प्रणालीला ‘पाहुणी’ आणि बाहेरच्या व्यवस्थेला ‘यजमान’ म्हणण्याची रीत आहे. पाहुणी हा शब्द तितकासा चपखल नाही, कारण ही प्रणाली चार दिवस राहून परत जात नाही. वाड्यात बिऱ्हाड करून राहणाऱ्या कुटुंबाशी तिचे अधिक साम्य आहे. परंतु शब्द रूढ झाला आहे, तेव्हा तोच येथे वापरणे बरे.

महाराष्ट्र शासनाचे राज्य माहिती केंद्र मुंबईत आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. २०१४ साली केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ योजनेखाली राष्ट्रीय मेघसेवा सुरू झाली. तेव्हापासून एखाद्या खात्याला सर्व्हर हवा असेल तर यंत्र विकत घेण्याऐवजी असे आभासी यंत्र मागून घेण्याची प्रथा रूढ होत गेली. जे काम पूर्वी निविदा, खरेदी व उभारणी यांत महिनेच्या महिने घेई, ते त्यामुळे पुष्कळच लवकर होऊ लागले.

जुन्या हस्तांदोलनाची कथा

ही कल्पना अलीकडची आहे असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील संशोधन केंद्रात १९६० नंतरच्या दशकात तिचा जन्म झाला, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने ती बाजारात आली. त्या काळी संगणक ही फारच महागडी वस्तू होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राचा लाभ अनेक संस्था आळीपाळीने घेत असत, यावरून एका यंत्रात अनेकांना सामावून घेण्याची निकड किती होती याची कल्पना येईल.

आरंभीचा आदर्श असा होता की, पाहुणीला काही कळताच कामा नये. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी या विषयाची जी प्रसिद्ध मांडणी केली, तिच्यातही आभासी यंत्रावरील कार्यक्रमाचे वर्तन खऱ्या यंत्रावरील वर्तनासारखेच असावे, ही अट प्रमुख आहे. तत्त्व म्हणून ते योग्यच होते. जुना कार्यक्रम एका अक्षराचाही बदल न करता चालला पाहिजे, यासाठी ते आवश्यकही होते. पण व्यवहारात लवकरच एक विचित्र अडचण दिसून आली.

आयबीएमचीच ओएस/व्हीएस१ नावाची कार्यप्रणाली होती. स्मृती अपुरी पडली की नको असलेली पाने तबकडीवर नेऊन ठेवायची आणि लागतील तेव्हा परत आणायची, हे ती स्वतः करीत असे. तिच्या खाली बसलेला व्हीएम/३७० हाही नेमके तेच करीत असे. परिणाम असा होई की, पाहुणी एखादे पान तबकडीवर पाठवावयास निघे, तो ते पान यजमानाने आधीच उचलून तबकडीवर नेऊन टाकलेले असे. मग यजमान ते परत आणी, ते केवळ पाहुणीने पुन्हा तबकडीवर टाकावे म्हणून! दोघेही आपापल्या परीने चोख काम करीत होते, आणि चोख कामाच्या या दुहेरी फेऱ्यांत यंत्राचा वेळ वाया जात होता.

यावर जो मार्ग काढला गेला त्याला ‘हस्तांदोलन’ असे नाव मिळाले. प्रक्रियकाला त्याचा ओळखक्रमांक विचारण्याची एक आज्ञा त्या यंत्रांत होती. व्हीएम/३७० च्या आधिपत्याखाली तो क्रमांक विचारला असता त्यातील एका ठरावीक जागी ठरावीक खूण येई. ती खूण दिसली की व्हीएस१ ओळखे, आपण बिऱ्हाडकरू आहोत. मग ती पाने हलविण्याचे काम यजमानावर सोपवू शके. एखादे पान तबकडीवरून येण्यास वेळ लागणार असेल तर यजमान तिला तसे कळवी, आणि ती स्वस्थ बसून न राहता तेवढ्या वेळात दुसरे काम हाती घेई. पूर्ण भ्रमापेक्षा थोडे सत्य सांगणे अधिक कार्यक्षम ठरते, हा अनुभव येथे प्रथम आला. पुढे सर्वत्र वापरात आलेल्या इंटेल पद्धतीच्या प्रक्रियकांवर हाच शोध जवळजवळ तीस वर्षांनी नव्याने लावावा लागला.

ओळख पटते कशी

इंटेल पद्धतीचे प्रक्रियक अशा सहवासासाठी मुळात घडविलेले नव्हते. त्यामुळे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीला पाहुणीच्या अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याचे कसब वापरावे लागले. २००३ साली इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ‘झेन’ ही प्रणाली मांडताना उलट मार्ग धरला. त्यांनी पाहुणीलाच बदलले आणि यंत्राकडे न जाता सरळ यजमानाकडे मागणी करण्याची सवय तिला लावली. २००५ पासून इंटेलने आणि २००६ पासून एएमडीने प्रक्रियकातच या कामाची सोय केली. लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर २००७ साली समाविष्ट झाला. बदल न केलेली पाहुणीही आता सुरळीत राहू शकते. पण जाणती पाहुणी अधिक चांगली राहते, हे एव्हाना सर्वांनाच पटले होते.

ती जाणती होते ती अशी. ‘सीपीयूआयडी’ नावाची एक आज्ञा प्रक्रियकात असते. तिला एक क्रमांक देऊन प्रश्न विचारला की प्रक्रियक स्वतःविषयी माहिती देतो. कार्यप्रणाली सुरू होताच जी पहिली कामे करते, त्यांत ही विचारपूस असते. पहिल्या क्रमांकाच्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरात एक बत्तीस घरांची ओळ असते, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक असतो. त्यांतील अगदी शेवटचे घर खऱ्या प्रक्रियकावर नेहमी शून्यच ठेवावे, असा उत्पादकांचा संकेत आहे. पाहुणीने हा प्रश्न विचारला की तो प्रक्रियकापर्यंत न जाता मध्येच हायपरव्हायझरच्या हाती पडतो, उत्तरही तोच देतो, आणि त्या शेवटच्या घरात तो एक हा अंक लिहितो. तेवढ्याने पाहुणीला कळते की वर कोणीतरी आहे.

मग दुसरा प्रश्न, यजमान कोण? त्यासाठी सोळाच्या पायावर लिहिलेला ४००००००० हा क्रमांक राखून ठेवलेला आहे. त्याच्या उत्तरात बारा अक्षरांची सही येते. मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर आपल्या कंपनीच्या नावाने सही करतो, व्हीएमवेअर आपले नाव दोनदा लिहितो, तर केव्हीएम तीनदा लिहून उरलेल्या जागा रिकाम्या सोडतो. पुढच्या क्रमांकांना यजमान कोणकोणत्या सोयी देऊ शकतो याची यादी मिळते. पाहुणी त्यांतील स्वतःला उमगतील त्या सोयी स्वीकारते, बाकीच्या सोडून देते. नव्या हायपरव्हायझरवर जुनी कार्यप्रणाली चालते आणि जुन्यावर नवी, ती या सोशीक पद्धतीमुळेच. अशा जाणत्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी ‘प्रबुद्ध’ या अर्थाचे विशेषण लावले आहे. विशेषण थोडे भारदस्त आहे, पण आशय बरोबर आहे.

या खुणेचा दुरुपयोगही होतो. सुरक्षा तपासणारे तज्ज्ञ संशयित कार्यक्रम आभासी यंत्रात कोंडून त्याची वागणूक पाहतात. कित्येक घातक कार्यक्रम तीच विचारपूस करून आपण कोंडलेले आहोत हे ओळखतात आणि तेवढा वेळ सज्जनासारखे वागतात.

स्मृतीची उसनवार

सहकार्याचा खरा कस लागतो तो स्मृतीच्या बाबतीत. पाटणच्या वाचकाला हे कोयनेच्या उदाहरणाने सांगता येईल. शिवसागर जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घालून दिलेली आहे. धरणात जेवढे पाणी मावते त्याच्या सव्वापट पाण्याचा शब्द कोणीही देणार नाही. माहिती केंद्रात मात्र नेमके तेच करता येते. समजा, यंत्रात २५६ गिगाबाइट स्मृती आहे आणि वीस पाहुण्यांना प्रत्येकी १६ गिगाबाइटचे आश्वासन दिले, तर बेरीज ३२० होते. सर्व जणी एकाच वेळी आपला पुरा हक्क मागणार नाहीत, या भरवशावर हा व्यवहार चालतो, आणि बहुतेक दिवस तो चालतोही.

ज्या दिवशी मागणी वाढते, त्या दिवशी यजमानाला कोणाकडून तरी स्मृती परत घ्यावी लागते. अडचण अशी की, पाहुणीच्या कोणत्या पानावर महत्त्वाचा मजकूर आहे आणि कोणते पान सहज सोडता येईल, हे यजमानाला बाहेरून दिसत नाही. ते फक्त पाहुणीला ठाऊक असते. जिल्हा कचेरीला तहसील कचेरीतील चार कपाटे काही दिवसांसाठी हवी आहेत असे मानले, तर रात्री कुलूप काढून हाताला येतील ती चार कपाटे उचलून नेणे हा एक मार्ग झाला. सकाळी त्यांत चालू वर्षाचे फेरफार निघाले तर कचेरीचे कामच थांबेल. दुसरा मार्ग असा की, तहसील कचेरीतच आपला एक माणूस ठेवावा, त्याने रीतसर मागणी करावी, आणि कोणते कपाट रिकामे आहे हे जाणणाऱ्या तेथील लिपिकाने ते त्याला काढून द्यावे.

व्हीएमवेअरचे कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा दुसरा मार्ग सविस्तर मांडला आहे, आणि त्याला ‘फुगा’ हे नाव आहे. पाहुणीच्या आत एक छोटा कार्यक्रम बसविलेला असतो. यजमानाने इशारा केला की तो आपल्याच कार्यप्रणालीकडे स्मृती मागू लागतो, म्हणजे फुगा फुगू लागतो. कार्यप्रणाली आपल्या नेहमीच्या शहाणपणाने, सर्वांत कमी गरजेची पाने मोकळी करून त्याला देते. त्या पानांचे क्रमांक तो यजमानाला कळवितो आणि यजमान ती दुसऱ्या पाहुणीला देतो. गरज सरली की फुगा आवळतो व स्मृती परत मिळते. हा छोटा कार्यक्रम पाहुणीत बसविलेलाच नसेल, तर यजमानाला कुलूप काढण्याचाच मार्ग उरतो, आणि वर सांगितलेला दुहेरी फेऱ्यांचा गोंधळ पुन्हा सुरू होतो. फुग्यालाही मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. मागणी अचानक व सगळीकडून एकदम आली तर तो वेळेवर फुगत नाही. जून महिन्यात सर्व तालुक्यांतून एकाच वेळी उताऱ्यांची मागणी होते, तेव्हा मुळात वाटप सांभाळून केलेले असणे हाच खरा उपाय.

घड्याळाचा प्रश्न

महसुली कामात वेळेला केवढे महत्त्व आहे हे सांगावयास नको. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. एकाच गट क्रमांकावर एकाच दिवशी दोन नोंदी आल्या, तर आधी कोणती व नंतर कोणती याला अर्थ असतो. पूर्वी तलाठी नोंदवहीत नोंदी एकाखाली एक लिहीत असे, आणि वहीतील क्रम हाच काळाचा क्रम असे. संगणकात हा क्रम बऱ्याच अंशी घड्याळावर अवलंबून असतो. आणि आभासी यंत्रातील घड्याळ ही मोठी नाजूक बाब आहे.

जुन्या कार्यप्रणाली वेळ मोजत त्या ठोके मोजून. सेकंदाला शंभर किंवा हजार ठोके पडत आणि त्यांची बेरीज करून वेळ ठरे. खऱ्या यंत्रावर हे बिनचूक चालते. आभासी यंत्रातील पाहुणीला मात्र प्रक्रियक सतत मिळत नाही, तो पाळीपाळीने मिळतो. तिची पाळी नसताना ती निद्रिस्त असते आणि त्या अवधीतील ठोके तिच्या कानी पडत नाहीत. जागी झाल्यावर ती जिथे थांबली होती तिथूनच मोजू लागते, आणि तिचे घड्याळ हळूहळू मागे पडते. ठोके साचवून ठेवून एकदम वाजविण्याचाही प्रयोग झाला. त्यामुळे घड्याळ कधी मागे तर कधी घाईघाईने पुढे, असे होऊ लागले.

अखेर जो उपाय टिकला तो सहकार्याचाच आहे. स्मृतीचे एक पान यजमान व पाहुणी यांच्यात सामाईक ठेवतात. खरी वेळ काढण्यासाठी लागणारे आकडे यजमान त्या पानावर लिहीत राहतो, आणि पाहुणी ते वाचून हिशेब करते. ठोके मोजण्याची गरजच उरत नाही. चालती पाहुणी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलविली, तर नव्या यंत्राच्या गतीप्रमाणे ते आकडे बदलले जातात.

याच व्यवस्थेत यजमान आणखी एक प्रामाणिक हिशेब देतो. पाहुणीला काम करावयाचे होते, ती तयारही होती, पण प्रक्रियक दुसऱ्या कोणाला दिला गेला होता, असा वेळ किती गेला हे तो कळवितो. इंग्रजीतील या संज्ञेचा अर्थ ‘चोरीस गेलेला वेळ’ असा आहे. केव्हीएम किंवा झेनवरील लिनक्स यंत्रात ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता ‘एसटी’ या अक्षरांशेजारी तो शेकड्यात दिसतो. सर्व्हर मंद असल्याची तक्रार आली की नवा, अधिक मोठा सर्व्हर मागण्याकडे कार्यालयांचा कल असतो. त्याआधी हा एक आकडा पाहण्यास तंत्रज्ञाला सांगावे. तो सतत मोठा असेल तर दोष आपल्या कार्यक्रमाचा नसून वाड्यातील गर्दीचा आहे, आणि तक्रार माहिती केंद्राकडे गेली पाहिजे. अशा वेळी आपल्या पाहुणीला आणखी आभासी प्रक्रियक घेऊन दिल्याने गर्दी कमी होत नाही.

उलट कधी कधी त्रास वाढतो. पाहुणीला चार आभासी प्रक्रियक असतील आणि त्यांतील एकाने सामाईक कामासाठी कुलूप लावलेले असेल, तर उरलेले तिघे ते उघडण्याची वाट पाहतात. खऱ्या यंत्रावर ही वाट निमिषमात्र असते, म्हणून ते कुलपाकडे टक लावून उभेच राहतात. आभासी यंत्रात मात्र ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच यजमानाने निजविलेले असू शकते. अभिलेख कक्षाची किल्ली खिशात ठेवून लिपिक दौऱ्यावर गेला आहे आणि तिघे जण दाराशी खुर्च्या अडवून बसले आहेत, असा तो प्रकार. जाणत्या पाहुणीतील प्रक्रियक थोडा वेळ वाट पाहून यजमानाला सांगतात, ‘माझी पाळी दुसऱ्याला द्या.’ किल्लीवाला काम संपवून कुलूप उघडतो तेव्हा त्यांना जागे करावयास सांगतो.

तबकडी आणि जाळे यांच्या बाबतीतील सहकार्य थोडक्यात सांगता येते. अजाण पाहुणीसाठी यजमान एखाद्या जुन्या, सर्वपरिचित जाळे-कार्डाचे सोंग वठवितो आणि तिच्या लहानसहान प्रत्येक आज्ञेसाठी काम थांबवून धावत येतो. म्हणजे प्रत्येक पत्रासाठी शिपायाने स्वतंत्र खेप करावी तसे. जाणत्या पाहुणीला ही जागा खोटी आहे हे ठाऊक असल्याने ती सामाईक स्मृतीत सगळे टपाल रचून ठेवते आणि एकदाच हाक मारते. ‘व्हर्टिओ’ या नावाने २००८ पासून लिनक्समध्ये असलेली ही पद्धत आता सर्वत्र मान्य झाली असून तिच्यातील काही जोडण्यांवर रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील कार्यालयातही काम झालेले आहे. लिनक्समध्ये तिची साधने आपोआप येतात. विंडोज पाहुणी केव्हीएमवर ठेवावयाची असेल तर ती वेगळी बसवावी लागतात, आणि घाईच्या उभारणीत नेमके हेच राहून जाते.

प्रत घेतानाचा क्षण

पाटण तालुक्याने ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाहिला आहे, आणि जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे कोसळलेल्या दरडीही पाहिल्या आहेत. घरे गेली तेथे घरातील कागदही गेले. अशा वेळी अभिलेखाची दुसरी प्रत दूर कोठेतरी शाबूत असणे म्हणजे काय, हे या भागात समजावून सांगावे लागत नाही. आभासी यंत्राचा एक मोठा लाभ असा की, संपूर्ण यंत्राची, जसे आहे तसे, एका क्षणी प्रत काढून ठेवता येते.

परंतु हा क्षण कोणता असावा? पाहुणीला न विचारता प्रत काढली, तर तिच्या हातातील काम अर्धवट असण्याचा संभव असतो. फेरफाराची नोंद लिहिली गेली आहे, पण तिच्या आधारे सातबाऱ्यावरील नाव बदलण्याचे काम अजून स्मृतीतच आहे, तबकडीवर उतरलेले नाही, अशा स्थितीतील प्रत हा वीज अचानक गेल्यावर उरणाऱ्या तबकडीसारखा प्रकार होय. चांगली माहितीप्रणाली त्यातूनही पुष्कळदा सावरते, पण ‘पुष्कळदा’ या शब्दावर जमिनीचा अभिलेख सोपविता येत नाही.

म्हणून पाहुणीच्या आत आणखी एक छोटा सेवक कार्यक्रम ठेवलेला असतो. प्रत काढण्यापूर्वी यजमान त्याला निरोप देतो. तो कार्यप्रणालीला सांगतो की हातातील लेखन तबकडीवर उतरवा आणि नवे लेखन क्षणभर थांबवा. विंडोजमध्ये याच वेळी माहितीप्रणालीलाही आवरून घेण्याची सूचना आपोआप जाते. लिनक्समध्ये तिच्यासाठी वेगळी आज्ञा लिहून ठेवावी लागते, आणि ती लिहिली आहे काय हे विचारून घेतलेले बरे. सर्वांचा होकार आला की यजमान प्रत काढतो व पुन्हा निरोप देतो. हा सेवक बसविलेला नसला तरी प्रत निघतेच, अहवालातही ‘प्रत यशस्वी’ असेच छापून येते. दोहोंतील फरक कळतो तो ती प्रत प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावर. काही कार्यालयांनी वर्षातून एकदा जुनी प्रत वेगळ्या आभासी यंत्रावर उघडून त्यातील दहा-वीस उतारे मूळ नोंदींशी पडताळण्याचा परिपाठ ठेवला, तर त्यास फारसा खर्च येणार नाही.

सर्व नीट बसविलेले असेल तर लेखन थांबते ते जेमतेम काही क्षण. त्या क्षणी पाटणच्या केंद्रात कोणी बोट दाबले असेल तर गोल चक्र नेहमीपेक्षा थोडे अधिक फिरते, आणि मग उतारा छापून बाहेर येतो.